दिवाळीला रंग, संक्रांतीला पोपडे: कोल्हापुरातल्या जुन्या भिंतींचा लोणा

तक्रार नेहमीची आहे. पाऊस सरला की जुन्या वाड्याची भिंत खरवडतात, सिमेंटचा गिलावा देतात, वर पुट्टी ओढतात आणि दिवाळीच्या आधी रंग लावतात. संक्रांत येईपर्यंत जमिनीपासून तीन-चार फुटांवर रंग फुगलेला असतो. बोट लावलं की पोपडा सुटतो आणि आत पिंजलेल्या कापसासारखा पांढरा थर दिसतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि दर वेळी ओलीची रेघ वीतभर वर चढलेली. पेठांमधल्या दगड-विटांच्या घरांना, ओढ्याकाठच्या वाड्यांना आणि पुराचं पाणी पाहिलेल्या भिंतींना हा त्रास सर्वात जास्त.

हा पांढरा थर म्हणजे बुरशी नव्हे, लोणा: भिंतीतून बाहेर येऊन साचलेले क्षार. खात्री करायची तर चमचाभर खरवडून ग्लासभर पाण्यात टाका. विरघळला तर मीठ. तळाशी राहिला आणि व्हिनेगर टाकल्यावर फसफसला तर सुटलेला चुना. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि इथं दिलेले मिठाचे आहेत, त्यामुळे ही दोन मिनिटांची तपासणी टाळू नका.

हिवाळ्यातच का फुटतं

भिंतीत मीठ येतं जमिनीतल्या पाण्याबरोबर, मोरीच्या गळतीतून, पुराच्या गाळातून आणि सिमेंटमधून. कोल्हापुरात आणखी एक जागा आवर्जून तपासायला हवी: जुना गोठा. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी बांधल्या, तिथल्या भिंतीत मूत्रातून आलेलं नायट्रेट मुरलेलं असतं. गोठ्याची आता बैठकीची खोली झाली असली तरी मीठ तिथंच आहे. मत्स्यालयाच्या दुकानात नायट्रेट मोजायच्या पट्ट्या मिळतात. खरवडलेला लोणा स्वच्छ पाण्यात ढवळून पट्टी बुडवली की कळतं.

पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो की हे मीठ विरघळलेलंच राहतं. भिंत ओलसर, काळपट दिसते, पण फुटत नाही. साध्या मिठाचं गणित सोपं आहे: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाझरतं, खाली आली की त्याचा खडा बनतो. कोल्हापूरच्या हिवाळ्यात पहाटे दव असतं आणि दुपारी हवा कोरडी पडते, म्हणजे ही सीमा जवळपास रोज ओलांडली जाते. प्रत्येक वेळी विटेच्या आणि चुन्याच्या छिद्रात स्फटिक वाढतात आणि छिद्राच्या भिंतींवर दाब देतात. सोडियम सल्फेट त्याहून वाईट, कारण पाणी धरून स्फटिक बनताना ते आकाराने सुमारे तिप्पट होतं.

बर्फाच्या प्रदेशात हेच काम पाणी करतं. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यासारखा उडवतं. म्हणून थंड देशांतल्या दुरुस्तीच्या पुस्तकांत आणि चित्रफितींत ठळक सूचना असते की तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर चुन्याचं काम थांबवा आणि गोठण सुरू होण्याच्या तीन महिने आधी बाहेरचा गिलावा पुरा करा. हा नियम जसाच्या तसा इथं आणला की घोटाळा होतो. कोल्हापूर शहरात पारा ५ अंशांपर्यंत उतरत नाही. इथं चुन्याच्या कामाचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत, म्हणजे तिथं काम बंद असतं नेमके तेच महिने. तीन महिन्यांचा हिशेब मात्र इथंही लागू आहे, फक्त तो जूनच्या पावसापासून मागं मोजायचा.

सिमेंटने दुखणं का वाढतं

देशात सिमेंटचं नियमित उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झालं. त्याच्या आधीची कोल्हापुरातली इमारत मुळात चुन्याची किंवा मातीची आहे असं धरून चाला. १८७७ ते १८८४ या काळात चार्ल्स मँटच्या आराखड्यावर उभा राहिलेला नवा राजवाडा असो की गल्लीतला दोन खणांचा वाडा, काळ्या दगडाच्या भिंतीत ओल ये-जा करते ती दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून. आपला बेसाल्ट दगड फार कमी पाणी पितो. दरजेतला चुना मऊ आणि सच्छिद्र असतो, म्हणून पाणी तिथून वाळून जातं. दरजा सिमेंटने भरल्या की ही वाट बंद होते, भिंतीच्या पोटातली दगडगोट्यांची भर ओली राहते आणि ओल आतल्या बाजूने गिलाव्यातून बाहेर पडते.

सिमेंटचा गिलावाही तसाच. ओल त्याच्या मागून वर चढते आणि जिथं गिलावा संपतो तिथं बाहेर येते. दर वर्षी रेघ वर सरकते ती यामुळे. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षार आणतं. न्हाणीच्या भिंतीला चार फूट फरश्या लावल्या की पाचव्या फुटावर लोणा दिसतो, त्यामागचं कारण हेच. ओलरोधक रंग, इपॉक्सी, पुट्टी, प्लॅस्टिक पेंट ही सगळी याच चुकीची वेगवेगळी रूपं आहेत. भिंतीला भोकं पाडून रसायन भरण्याचा उपायही दोन फुटी, भर घातलेल्या दगडी भिंतीत भरवशाचा नाही. आतली भर सलग नसते, त्यामुळे रसायनाचा सलग थर बनत नाही, आणि भोकं पाडताना जुना चुना मात्र खिळखिळा होतो.

आधी पाणी

गिलाव्याला हात लावण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. ऑक्टोबरमध्ये ओलीच्या वरच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, आणि फेब्रुवारीपर्यंत दर महिन्याच्या एक तारखेला नवी रेघ मारा. रेघ आडवी आणि सलग असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. डाग वरून खाली पसरत गेला असेल तर कौलं, पन्हळ किंवा माळवद बघा. एकाच ठिकाणी गोल डाग असेल तर भिंतीतला नळ. शंका राहिली तर फूटभर चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ४८ तास ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या आत आले तर ओल भिंतीची, बाहेर आले तर खोलीतल्या हवेची. दुसऱ्या प्रकारात खिडक्या उघड्या ठेवणं हाच अर्धा उपाय असतो.

पेठांमध्ये सर्वाधिक सापडणारं कारण म्हणजे वर आलेला रस्ता. डांबराचे थर वाढत गेले, जोत्याच्या एक-दोन पायऱ्या खाली गेल्या आणि पावसाचं पाणी थेट भिंतीच्या चिऱ्यांना टेकलं. त्यात भिंतीला चिकटून काँक्रीटचा पट्टा ओतला असेल तर जमिनीतली ओल बाहेर पडायला भिंत एवढाच रस्ता उरतो. भिंतीपासून फूटभर तरी काँक्रीट काढा. तिथं एक फूट रुंद, दीड फूट खोल चर खणून २० मि.मी.ची धुतलेली खडी भरा आणि चराच्या तळाला गटाराकडे उतार द्या. एका वेळी चार फुटांपेक्षा जास्त लांबी उघडू नका, आणि पायाच्या तळाच्या खाली तर मुळीच जाऊ नका. पागोळ्यांचं पाणी जोत्यावर उडत असेल तर पन्हळ बसवा. गळकी मोरी, भिंतीला टेकलेली कुंडी, बुजलेली नाली या गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण यातली एक जरी राहिली तरी पुढचा खर्च वाया जातो.

पुरात उभ्या राहिलेल्या भिंतींचं गणित वेगळं आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी याच्या खूप वर गेली होती. सुतारवाडा, जामदार क्लबचा परिसर, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा भागांतल्या घरांत सांडपाणी मिसळलेलं पाणी भिंतींच्या पोटात गेलं आहे. जाड भिंत साधारण महिन्याला एक इंच वाळते असा ढोबळ हिशेब धरतात. दोन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असली तरी तिला वर्ष लागतं. त्यामुळे 'एका हिवाळ्यात काम उरकू' असं कुणालाही सांगू नका आणि कुणाचं ऐकूही नका. हे काम दोन हिवाळ्यांचं आहे.

पहिला हिवाळा

इमारत महापालिकेच्या वारसा यादीत किंवा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. परतीचा पाऊस थांबल्यावर ओलीच्या सर्वात वरच्या रेघेच्या दीड ते दोन फूट वरपर्यंतचा सिमेंट गिलावा काढायचा. छिन्नी आडवी धरून, हलक्या हातोडीने. ब्रेकर मशीन नको, तिच्या हादऱ्याने आतल्या दरजा सुटतात. विटेच्या भिंतीत जिथं सिमेंटबरोबर विटेचा भाजलेला पृष्ठभागच निघून येतो तिथं तो तुकडा तसाच ठेवा. भिंतीत लाकडी खांब असेल तर टोचा मारून बघा. तो अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेला तर गिलाव्याचं काम थांबवून आधी वास्तू संवर्धन जाणणाऱ्या अभियंत्याला दाखवा.

दरजा २५ मि.मी. खोल खरवडा. पडलेला चुरा त्याच दिवशी पोत्यात भरून बाहेर न्या. भिंतीच्या पायथ्याशी राहिलेला चुरा पहिल्या पाण्यात पुन्हा जमिनीत जातो आणि मीठ परत भिंतीत येतं. उघडी भिंत काथ्याच्या कोरड्या ब्रशने झाडायची, तोंडाला मुसकं बांधून. पाण्याने धुवायची नाही, कारण धुतल्याने मीठ विरघळून आत जातं. तेजाब तर अजिबात नको.

मग भिंत दोन-तीन आठवडे वारा घेऊ दे. नवे स्फटिक येतील, ते पुन्हा झाडा.

कोरीव दगड किंवा चित्रं असलेली जागा असेल तर लेप वापरावा: २ भाग साध्या पांढऱ्या कागदाचा लगदा, १ भाग चिनी माती, १ भाग धुतलेली वाळू, पावसाच्या साठवलेल्या पाण्यात कालवून १५ ते २० मि.मी. जाड. तो वाळून तडकेपर्यंत तीन-चार आठवडे ठेवायचा. काढलेल्या लेपातला १० ग्रॅम तुकडा १०० मि.ली. स्वच्छ पाण्यात ढवळून आरओवाल्याकडच्या टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतं ते) मोजा. दुसऱ्या लेपाचा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली आला तर काम होतं आहे. रंगीत चित्रांवर मात्र हा प्रयोग स्वतः करू नका, संवर्धकाला बोलवा.

साध्या भिंतीला इतकं करायची गरज नाही. तिथं 'बळीचा गिलावा' द्यायचा. हा चुन्याचा, मुद्दाम सच्छिद्र ठेवलेला गिलावा असतो. मीठ विटेत न बसता त्याच्यात येऊन बसतं, तो स्वतः भुसभुशीत होतो आणि भिंत वाचवतो. तो पुढे काढून टाकायचाच असतो, म्हणून तो झडला की गवंड्याला दोष देऊ नका.

चुना आणि बाकीचं सामान

चुना गणपतीतच मुरवायला घाला. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेला न विरवलेला चुना, ताजा हवा: खडा हलका, आणि पाणी टाकताच चर्र आवाज करून फुलणारा. पीठ झालेला खडा हवा खाऊन मेलेला असतो. लोखंडी पिंपात पाणी आधी, चुना नंतर, थोडा थोडा. उलटं केलं तर उकळता चुना अंगावर उडतो. १० किलो चुन्याला सुमारे ३० लिटर पाणी लागतं. गॉगल आणि रबरी हातमोजे घालायचेच, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली ठेवायची. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठा. मिश्रण बारीक चाळणीने गाळून, वर दोन इंच पाणी ठेवून किमान तीन आठवडे मुरू द्या. तीन महिने मुरला तर उत्तम.

वाळू धुतलेली, खरबरीत. बरणीत एकतृतीयांश वाळू आणि बाकी पाणी घालून हलवा, रात्रभर ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या उंचीच्या विसाव्या भागापेक्षा जास्त असेल तर पुन्हा धुवा. क्रश सँडमध्ये दगडाची पावडर फार असते, तिला दोन-तीन पाणी लागतात. कोकणातून आलेली खाडीची वाळू कितीही स्वस्त पडली तरी नको, तिच्याबरोबर मीठच विकत घेतलं जातं. सुरखी, म्हणजे विटांची पूड, कमी भाजलेल्या विटांची किंवा जुन्या कौलांची, पण याच भिंतीतून काढलेल्या विटांची नव्हे. ही चूक अनेक ठिकाणी होते: जुनं साहित्य पुन्हा वापरावं म्हणून खारावलेली वीट दळली जाते आणि नव्या गिलाव्याला पहिल्याच महिन्यात लोणा लागतो.

गुळाबद्दल कोल्हापुरात वेगळं सांगावं लागतं, कारण इथं तो हाताशी असतो आणि गूळ-हिरड्याचा चुना सर्वांना ठाऊक आहे. गच्चीच्या किंवा माळवदाच्या कामात तो उपयोगी आहे. खाऱ्या, ओल्या भिंतीवर नको: बुरशीला आणि मुंग्यांना खाद्य मिळतं, आणि प्रमाण चुकलं तर चुना धरायला उशीर लावतो. वापरायचाच असेल तर काळा गूळ घ्या. पिवळाधमक दिसावा म्हणून गुळात हायड्रॉस घालतात, ते सोडियम आणि गंधकाचं रसायन आहे आणि त्यातून शेवटी सल्फेटच भिंतीत जातं.

शंभर चौरस फुटांना २० मि.मी. जाडीने, दरजा आणि नासाडी धरून, सुमारे २२० लिटर ओला माल लागतो. चुना वाळूच्या पोकळीत बसतो, म्हणून २० लिटरच्या बादलीने ११ बादल्या वाळू-सुरखी आणि पावणेचार बादल्या मुरलेला चुना पुरतो. त्यासाठी कळीचा चुना ३५ ते ४० किलो. एक किलो धुतलेले शेळीचे केस, इंच-दीड इंच कापलेले. केस माल लावायच्या दिवशीच मिसळा, ओल्या चुन्यात राहिले तर चुना ते खाऊन टाकतो.

पहिला थर १ चुना, १ सुरखी, २ वाळू, १० ते १२ मि.मी. दुसरा १ चुना, ३ वाळू, ८ ते १० मि.मी. बळीच्या गिलाव्यावर घोटाई करायची नाही, पृष्ठभाग लाकडी रंध्याचा (गिलावा सपाट करायच्या फळीचा) खरबरीतच ठेवायचा.

इथं गवंडी हमखास म्हणतो, "पाटीभर सिमेंट टाकूया की, पटकन धरतंय." नम्रपणे पण ठाम नाही म्हणा. इतकं थोडं सिमेंट स्वतः नीट धरत नाही, चुन्याची छिद्रं मात्र बुजवतं आणि क्षार आणतं.

लावणं आणि ओलावा राखणं

आदल्या दिवशी भिंतीवर हलका फवारा, लावायच्या आधी पुन्हा एकदा. पाणी ओघळेल इतकं नाही. आधी दरजा भरा, आठवडाभर थांबा, मग पहिला थर थापीने जोरात मारून दाबा. अर्धवट आवळला की तिरक्या रेघा ओढा. पुढचे दोन-तीन दिवस लाकडी रंधा फिरवून बारीक तडे मिटवायचे. दोन थरांत सात ते दहा दिवस अंतर.

सिमेंटला मारतात तसं नळीने पाणी मारू नका. चुना धरतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन. छिद्रं पाण्याने भरलेली असली तर हवा आत जात नाही, आणि अगदी कोरडी पडली तरी क्रिया थांबते. म्हणून भिंतीपासून दोन-तीन इंच दूर ओलं गोणपाट टांगायचं आणि दिवसातून तीनदा बारीक फवारा, सात ते दहा दिवस. पश्चिमेच्या भिंतीवर जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी गोणपाटाला पर्याय नाही. चुना महिन्याला साधारण एक मिलिमीटर खोल पक्का होतो. कोपऱ्यात छोटा तुकडा फोडून फिनॉल्फ्थॅलिनचा (कच्च्या चुन्यावर रंग बदलणाऱ्या द्रावणाचा) थेंब टाका. गुलाबी झालं तेवढा भाग अजून कच्चा. बाहेरचा शेवटचा थर फेब्रुवारी अखेरच्या आत. मार्चनंतर उन्हाने वाळतो, पक्का होत नाही, आणि पहिला वळीव तो धुऊन नेतो.

वर फक्त चुन्याची सफेदी, दुधाइतकी पातळ, एकेका दिवसाच्या अंतराने पाच हात. सफेदीत मीठ टाकायची जुनी सवय या भिंतीपुरती सोडा. फेविकॉलही नको.

तरीही बिघडलं तर

हात फिरवताच पीठ निघतं: गिलावा फार लवकर वाळला. फवारा आणि गोणपाट पुन्हा सुरू करा. महिन्यानंतरही तसंच असेल तर तेवढा तुकडा काढून नव्याने लावा.

जाळीसारखे तडे: थर जाड झाला किंवा वाळूत गाळ होता. कच्चा असेपर्यंत रंध्याने मिटतात, नंतर नाही.

मध्ये पांढरा ठिपका असलेले छोटे खळगे: न विरलेली कळी मागून फुलली. पुढच्या वेळी चाळणी बारीक घ्या आणि जास्त मुरवा. आताचे खळगे चाकूने कोरून भरता येतात.

पांढरे ओघळ: पाणी जास्त मारलं.

जानेवारीत गिलाव्यावर कापसासारखा लोणा: हे अपेक्षित आहे. खाली कागद अंथरून कोरडा झाडा आणि कागदासकट घराबाहेर टाका. दर वर्षी झाडलेला लोणा वजन करून लिहून ठेवा.

दुसऱ्या हिवाळ्यात पेन्सिलच्या रेघा बघा. ओल खाली उतरली असेल आणि लोण्याचं वजन घटलं असेल तर बळीचा गिलावा काढून त्याच प्रमाणाने कायमचा लावा, वर १ चुना दीड बारीक वाळू असा ३ मि.मी.चा हात. वजन तेवढंच असेल तर गिलावा काढा, पण जागी पुन्हा बळीचाच लावा. आणि रेघ वर गेली असेल तर भिंतीवर काही करू नका: चर, मोरी आणि पन्हळ पुन्हा उघडून तपासा, कुठून तरी पाणी अजून येतं आहे.